बाजूची चीर

१

भिकाजी राऊळ तसे गोड माणूस. पण त्यांचा फोन सकाळी चहाच्या आधी आला, की कुठेतरी पाणी मुरले आहे असे खुशाल समजावे. चतुर्थी नुकतीच आटोपली होती. डब्याच्या तळाशी राहिलेल्या नेवऱ्यांपैकी एक मी हातात घेतली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"सेजलबाय, चोरी झाली. डिचोलीक ये. चोर गावलो, घराक पण धाडलंय. तू फक्त केस कर."

चोर आधीच सापडलेला असला की मी सावध होते. मी म्हापशाला पेटंटचे अर्ज करून देते. नवी वस्तू कोणाची, तिच्यात नवे काय आणि ते आधी कोणाला सुचले, एवढेच माझे काम. त्यात जो माणूस 'उघड आहे' म्हणतो, त्याला मी खुर्ची देते, पण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

भिकाजीबाब मूळचे सावंतवाडीकडचे. खाणींवरच्या ट्रकांची दुरुस्ती करण्यात त्यांची अर्धी हयात गेली. खाणी थांबल्या तेव्हा ते रडत बसले नाहीत. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी प्लास्टिक मोल्डिंगचे मशीन टाकले आणि दुसऱ्यांचे सुटे भाग करून देत देत एकदाची स्वतःची अशी एक वस्तू काढली. ती वस्तू म्हणजे स्क्रूची पट्टी.

सुताराला मशीनने स्क्रू मारताना एकेक उचलून लावत बसायला नको, म्हणून स्क्रू प्लास्टिकच्या पट्टीत ओळीने बसवलेले मिळतात. पट्टी मशीनमध्ये सरकवायची. दाबले की एक स्क्रू लाकडात जातो आणि पट्टी पुढे सरकून दुसरा हजर होतो. या पट्ट्यांची खोड अशी, की स्क्रू सुटताना प्लास्टिकचे बारीक तुकडे खाली पडतात. घरात ते झाडून काढता येतात. समुद्रकाठच्या शॅकखालच्या, म्हणजे हंगामी खानावळीखालच्या, वाळूत कोण झाडू मारणार? भिकाजीबाबांच्या कारखान्यातल्या डिझायनर मुलीने त्यावर उपाय शोधला. स्क्रूला धरणारी कडी तिने तीन ठिकाणी पातळ ठेवली. स्क्रू आरपार गेला की कडी तीन पाकळ्यांत उघडते आणि पाकळ्या पट्टीलाच चिकटून राहतात. वाळूत कणसुद्धा पडत नाही.

मी म्हणत होते, आधी अर्ज करा. भिकाजीबाब म्हणत होते, आधी शॅकचा एक सीझन बघूया. अर्ज आणि पट्टीचे चित्र माझ्या कपाटात सहीची वाट बघत पडून होते.

मी डिचोलीला पोचले तर केबिनमध्ये भिकाजीबाब एकटेच बसले होते. त्यांनी कपाट उघडून एक पट्टी टेबलावर टाकली. बाहेरच्या एका कंपनीने ती काढली होती आणि तिच्या एजंटाने म्हापशाच्या हार्डवेअरवाल्याला नमुना म्हणून दिली होती. माल अजून बाजारात यायचा होता.

मी ती डोळ्यांजवळ धरली. मशीन पकडते ते दाते तेच, दोन स्क्रूंमधले अंतर तेच, पुढचे निमुळते नाकही तेच. मात्र दोन गोष्टी निराळ्या होत्या. कडी मुळातच तीन ठिकाणी उघडी होती. आणि प्रत्येक भोकापासून पट्टीच्या काठापर्यंत बाजूने एक चीर दिलेली होती.

"ही चीर कसली?"

"कायद्यातसून सुटूक केल्यानी आसतलो काय तो बदल," भिकाजीबाब म्हणाले. "चित्र तिच्या कॉम्प्युटरात, पासवर्ड तिचो. साचो कुलपात, चावी माझ्या कमरेक. आणखी कोण दिसता तुका? उघड आसा."

"हा नमुना कोणी कोणी पाहिला?"

"मी, ती आणि आता तू. मुठीत धरून तिका दाखयलंय, मगे सरळ कपाटात."

ती म्हणजे डिझायनर गौरवी चोडणकर. हिला लेक मानून भिकाजीबाब पाहुण्यांना सांगायचे, माका चेडू नाय, पण ही आसा. त्याच गौरवीला त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर कारखान्याची चावी टेबलावर ठेवायला लावली होती.

२

गौरवीचे घर मयेला. मी गेले तेव्हा ती पायरीवर बसून वालीच्या शेंगा मोडत होती. शेंगा कधीच संपल्या होत्या, आता ती देठे मोडत होती.

"ताई, ती पट्टी माझी न्हय," ती म्हणाली. "काकांना मी तेच सांगितलं. त्यांना वाटलं मी चोरी नाकारते आहे. मी म्हणत होते, ती वस्तूच माझी नाही. माझी इतकी वाईट नाही."

मला हसू आले आणि बरेही वाटले. चोर सहसा चोरीच्या मालाला नावे ठेवत नाही.

"नोकरीचं सोडा," ती पुढे म्हणाली. "वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात. डिझाईन विकणारी मुलगी असं एकदा नाव झालं की मला साधी रेघ ओढायलासुद्धा कोण बोलावणार? आई कालपासून शेजारी फुलं आणायलाही गेलेली नाही." मग एकदम तिचा आवाज चिरकला. "सहा वर्षं मी त्या माणसाला काका म्हणते."

मी तिला थोडा वेळ देठे मोडू दिली. मग विचारले, "स्क्रू पट्टीत बसवतात कसा?"

"वरून. टोक खाली धरून वरून दाबायचा. मग कडी त्याला चारी बाजूंनी धरते."

"बाजूने बसवला तर?"

"बाजूने बसायला वाटच नाही. चीर दिली तर बसेल. पण मग तो कलतो आणि मशीनमध्ये अडकतो. चीर दिली की पट्टीतला जोरच गेला, ताई. असं मुद्दाम कोण करील?"

परतीच्या वाटेवर हाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. गौरवीने चित्र विकले असते तर त्या कंपनीला चांगली पट्टी मिळाली असती. पळवाट काढायला केलेला बदलही वस्तू निकामी करणारा नसतो. मग दाते, अंतर आणि नाक इतके हुबेहूब उतरवणाऱ्याने नेमकी मुख्य गोष्टच कशी बिघडवली?

३

कारखान्यात मला दोघांशी बोलायचे होते. पहिला प्रशांत हळर्णकर. साचे तोच तयार करतो. बोलायला लागला की दर वाक्याला समोरच्यावर उपकार केल्यासारखा दिसतो.

"पट्टी एकदाच काडली," तो म्हणाला. "गेल्या ऑक्टोबरात. सगळो लॉट हरमल, मालतीबायच्या शॅकार. एक सुद्धा हांगा उरूक नाय. मगे साच्याक कुलूप."

"त्यानंतर तू हरमलला गेला होतास?"

"एकदाच. मे म्हयन्यात, शॅक उतरवच्या आदी. आमचा मशीन हाडूक."

"स्क्रू पट्टीत कसा बसतो?"

"वरसून," तो म्हणाला आणि मी शाळेत गेले होते की नाही असा चेहरा केला.

दुसरा विजय सावंत. भिकाजीबाबांचा सख्खा भाचा. जानेवारीत मॅनेजर म्हणून आला. शर्टाला कडक इस्त्री, बोलणे अगदी लाघवी. त्याने माझ्यासाठी आले घातलेला चहा मागवला आणि स्वतः पंखा माझ्याकडे वळवला.

"वाईट झालं हो," तो म्हणाला. "मामांना फार लागलंय. जेवलेसुद्धा नाहीत काल."

"तुम्ही ती पट्टी पाहिली होती?"

"प्रत्यक्ष कुठली! मी आलो तेव्हा माल हरमलला गेलेला. हरमलला जायचं माझं कधी काम पडलं नाही. चित्र मात्र एकदा गौरवीच्या मागे उभं राहून पाहिलं होतं. नाही म्हणत नाही."

"आणि त्या कंपनीचा नमुना?"

"तो मामांनी कपाटात ठेवलाय. मला कोण दाखवतो?"

"बरं, मला जरा समजावून सांगा. आपल्या पट्टीत स्क्रू बसवतात कसा?"

विजयचा चेहरा खुलला. त्याने दोन बोटे चिमटीत धरून दाखवली. "बाजूने. असा बाजूने दाबला की खट्टकन बसतो. तिथेच तर तिची हुशारी! पोरगी डोक्याने तेज, त्यात वाद नाही. फक्त नियत..."

त्याने वाक्य सोडून दिले. मी चहा संपवला. चहा चांगलाच होता. खाली येऊन मी गाडी काढली ती घराकडे नाही, सरळ हरमलकडे.

४

हरमलला मालतीबाईंची शॅक उभी नव्हती, तशी ती या दिवसांत नसतेच. मे संपत आला की किनाऱ्यावरची शॅक उतरवायची, बांबू, प्लाय, माडाच्या झावळ्या सगळे घराच्या आवारात रचायचे आणि पाऊस गेला की पुन्हा तीच उभी करायची. दरवर्षीचे घर मांडणे आणि घर मोडणे. या उतरवण्याबद्दल मला विचारायचे होते.

"बस गो बाय," मालतीबाईंनी पडवीतल्या मेजावर पाव आणि वाटाण्याची भाजी ठेवली. "आदी खा. मगे विचार काय ता."

भाजी तिखट होती. डोळे पुसत मी विचारले, "भिकाजीबाबांच्या कंपनीने दिलेल्या स्क्रूच्या पट्ट्यांचं काय झालं?"

"ता दादूक ठाऊक. दादूऽ!"

दादू सुतार आला. चंदगडकडचा माणूस, गेली कित्येक वर्षे मालतीबाईंची शॅक तोच उभारतो आणि तोच उतरवतो. बांबू तासता तासता उठून आला होता. मी पट्ट्यांचे नाव काढल्यावर त्याचा चेहरा उजळला आणि तो मला कोठीत घेऊन गेला. आढ्याला सुतळीने बांधलेला जुडगा लटकत होता. त्याने तो सोडून माझ्या हातात दिला.

पट्ट्या स्क्रूंनी भरलेल्या होत्या. आणि प्रत्येक भोकापासून काठापर्यंत बाजूने चीर होती.

मी एक पट्टी उजेडाकडे धरली. "दादू, ही चीर कोणी दिली?"

"मीच की! सांगू का बाई, ह्यो स्क्रू इस्टेनलेसचा. खाऱ्या वाऱ्यातबी गंज न्हाई. शॅक उतरवताना माझंच मशीन उलटं फिरवून समदं काढलं. आता येवढं चांगलं स्क्रू डब्यात टाकायचं, आन् पट्टी उकिरड्यावर? जीव हुईना. पर वापरलेली कडी फाटलेली, तीन बाजूंनी उघडी. स्क्रू धरंना. मग काय केलं, तापल्या सुरीनं बाजूनं चीर मारली आन् स्क्रू दाबला. बसला खट्टकन! पावसाळाभर हेच काम केलं."

एकदाच वापरून टाकायची वस्तू दादूने दुसऱ्या सीझनसाठी भरून ठेवली होती. त्याला केवढा अभिमान वाटत होता! ती भरलेली पट्टी मशीनमध्ये दोन स्क्रूंतच अडकेल हे सांगायला माझी जीभ उचलेना. पण ऑक्टोबरात फजिती होण्यापेक्षा आता कळलेले बरे, म्हणून सांगितले.

"आँ? अडकंल म्हंता?" तो डोके खाजवत म्हणाला. "तरीच एक उंदरानं न्हेली त्याचं वाईट वाटंना मला."

"उंदराने?"

"एक पट्टी गेली बघा हितनं. पाऊस लागल्यावर."

मी मालतीबाईंकडे वळले. "पावसात कोणी आलं होतं?"

"कंपनीचो एक जण आयल्लो," त्या म्हणाल्या. "पट्ट्यो उरल्यात काय म्हणून विचारल्यान. मिया म्हटलंय, कोठयेत टांगल्यात, बघून घे."

"कोण? प्रशांत?"

"काय ठाऊक! आंगार रेनकोट, डोक्यार हेल्मेट. माजी चुलीर सोलकढी... नाय गो, माशाची कढी होती. कढी उतू जाता तेव्हा कोणाचा तोंड कोण बघता?"

म्हणजे चोराचा चेहरा बघणारे कोणी नव्हते. पण मला आता त्याची गरजही नव्हती. एक भरलेली पट्टी मागून घेऊन मी निघाले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिकाजीबाबांकडून साच्याची चावी घेतली आणि प्रशांतला एक कोरी पट्टी काढायला लावली. थंड झाल्यावर त्याने तिच्यात वरून स्क्रू दाबून दिले. मी ती आणि दादूची पट्टी केबिनमधल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कुठली कुठून आली हे भिकाजीबाबांनाही सांगितले नाही. कपाटातला नमुना कपाटातच राहू दिला. मग विजयला बोलावले.

"विजय, माझा गोंधळ झालाय," मी म्हणाले. "यातली आपली पट्टी कुठली?"

त्याने क्षणभरही विचार केला नाही. दादूची पट्टी उचलली.

"ही आपली. चीर बघा ना." मग कोऱ्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती कोणाची तरी भिकार नक्कल दिसते."

प्रशांत दाराशी उभा होता. त्याच्या तोंडून "अरे देवा" एवढेच आले. भिकाजीबाबांनी कोरी पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि हळूच खाली ठेवली. आपल्या साच्यातली वस्तू त्यांनी ओळखली नाही असे होणार नव्हते.

"ती नक्कल आत्ता तुमच्याच साच्यातून निघाली," मी विजयला म्हणाले. "तुमच्या हातात आहे ती हरमलची. मालतीबाईंच्या सुताराने वापरलेल्या पट्टीला सुरीने चीर देऊन तिच्यात जुने स्क्रू भरले. अशा पट्ट्या शॅक उतरल्यानंतरच झाल्या, आणि त्या जगात एकाच ठिकाणी होत्या, मालतीबाईंच्या कोठीत."

"मी चित्रात पाहिली होती चीर," विजय म्हणाला. आवाज अजून लाघवी होता.

"चित्र माझ्याकडेही आहे. त्यात चीर नाही. गौरवीच्या डोक्यातही नव्हती. प्रशांतने कोरी पट्टी हाताने काढली, म्हणून तो म्हणाला वरून. तिनेही तेच सांगितलं. त्या कंपनीचा नमुना तुम्ही पाहिलेला नाही, हे तुमचंच म्हणणं. मग बाजूने खट्टकन बसतो, हे तुम्हाला कुठे कळलं?"

विजयने हातातली पट्टी उलटी करून पाहिली. बाहेर मशीनचा आवाज चालू होता.

"चित्र चोरणाऱ्याने सुताराची चीर उचलली नसती," मी भिकाजीबाबांकडे बघत म्हणाले. "ज्याने कोरी पट्टी कधी पाहिली नाही आणि चित्रही पाहिलं नाही, तोच फाटलेल्या कडीला आणि सुरीच्या चिरेला डिझाईन समजेल. गौरवीला ही चूक करता येणंच शक्य नव्हतं."

विजयने पट्टी टेबलावर ठेवली. बराच वेळ तो मामांकडे बघतच नव्हता. बघितले तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचे वाईट वाटले हे मी लपवत नाही.

"तिथे मला अख्खा विभाग देणार होते, मामा. इथे सगळं गौरवीला विचारून. मी जन्मभर भाचाच."

"भाचो म्हणून हाडलेलंय तुका," भिकाजीबाब म्हणाले. "जा आता. आवशीक मी सांगतंय." ती आवस, विजयची आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ते सांगणे किती जड जाणार होते ते दिसत होते. त्यांनी फोन उचलला आणि नंबर न लावताच खाली ठेवला.

विजय गेल्यावर मी त्यांना थोडी बरी बातमी दिली. त्या कंपनीने आपला साचा दादूच्या चिरेवर बेतला होता. पातळ ठेवलेली अखंड कडी, जी खरी नवी गोष्ट होती, ती चोरीला गेलीच नव्हती. अर्जावर आज सही केली तरी पुरे. भिकाजीबाबांनी सही केली, पण अर्ज पुरता वाचलाही नाही.

"सेजलबाय," ते म्हणाले, "मयेक येशीत माझ्यावांगडा?"

६

गौरवीच्या आईने आम्हाला पडवीत बसवले, पाणी दिले आणि चहा ठेवायला आत गेली. खरे तर आतल्या जनेलाशी उभी राहून ऐकत होती. मी तिच्या जागी असते तर मीही ऐकले असते.

भिकाजीबाबांनी सगळे सांगितले. विजयचे नाव घेताना अडखळले, पण घेतले. मग म्हणाले, "चूक झाली बाय. उद्या सगळ्यांच्या समोर सांगतंय. तू परत ये."

गौरवी खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असे मला वाटले होते. दिसला नाही.

"काका, ती पट्टी तुम्ही दोन मिनिटं बघितली आणि तिच्यावर विश्वास ठेवलात," ती म्हणाली. "मला सहा वर्षं बघत होता."

भिकाजीबाबांनी मान खाली घालून पाण्याचा पेला बाजूला सारला.

"आज पुरावा मिळाला म्हणून आलात. सेजलताई हरमलला गेल्याच नसत्या तर? तरी आला असता?"

मी मनातल्या मनात त्यांना उत्तर सुचवत होते. 'आलो असतो' एवढे एक खोटे त्या घडीला पुरले असते. कोणीही तेच म्हटले असते. मी तर नक्कीच म्हटले असते.

भिकाजीबाबांनी मान वर केली. "नाय," ते म्हणाले. "नसतंय इलंय. भाच्यार संशय घेवचो नाय म्हणून तुझ्यार घेतलंय. ता माका तेव्हाच आत खंय तरी कळत होता."

आत कपबशी वाजली. गौरवी खांब सोडून पुढे आली. मग तिने पदराने नाही, सरळ हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"उद्या येते," ती म्हणाली. "आता चहा घ्या. दोन दिवस जेवलेले दिसत नाही तुम्ही."